भर चौकांतील हिमखंड

सन २०१५ च्या डिसेंबर महिन्यांत, तीन तारखेस, पॅरिस शहरांतील पॅंथेऑन नांवाच्या विख्यात इमारतीसमोरील चौकांत बर्फाचे बारा प्रचंड खंड मांडून ठेवण्यांत आले. मांडणी वर्तुळाकार होती. घड्याळाच्या तबकडीवर बारा आंकडे ज्या जागीं असतात त्या त्या जागीं एकेक खंड. त्यांच्यावर छत नव्हतें, भोंवतीं कठडा नव्हता, आणि ‘हात लावूं नये’ अशी जी पाटी कोणत्याहि प्रदर्शनांत प्रथम डोळ्यांत भरते तीहि तेथें नव्हती. उलट लोकांनीं हात लावावा हीच मांडणारांची इच्छा होती. बाराहि खंडांचें वजन मिळून सुमारें ८० टन होतें. म्हणजे एकेक खंड सरासरीनें साडेसहा टनांहून अधिक भरला. आफ्रिकेंतील चांगल्या दांडग्या हत्तीचें वजन साधारण एवढेंच असतें. असे बारा हत्ती, शुभ्र आणि निळसर, मुकाट्यानें बसून वितळत आहेत, अशी कल्पना केली म्हणजे त्या दृश्याची थोडीफार कल्पना येईल.

येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीं कोणी हातमोजा काढून बोट टेकलें, कोणी दोन्ही बाहूंनीं कवटाळून पाहिलें, मुलांनीं जीभ लावून चव घेतली. ज्यांनीं कान लावला त्यांना मात्र कांहीं निराळेंच गवसलें. बर्फाच्या आंतून अतिशय बारीक अशी तडतड ऐकूं येत होती. लाह्या फुटाव्या तशी, पण फार दुरून.

हा आवाज कशाचा, हें समजून घेण्यासारखें आहे. ग्रीनलंडच्या पठारावर हजारों वर्षें बर्फाचा भुसभुशीत थर पडत आला. वरच्या थराच्या भारानें खालचा थर दबला, घट्ट झाला, कांचेसारखा झाला. आणि कणाकणांमध्यें जी हवा होती ती बुडबुड्यांच्या रूपानें आंतच कोंडली गेली. वरील भार एवढा कीं ही हवाहि दाबली गेलेली असते. बर्फ वितळतांना बुडबुड्याची भिंत पातळ होते, फुटते, आणि कोंडलेली हवा सुटते. तीच ती तडतड. म्हणजे पॅरिसचा एखादा कारकून कचेरीस जातां जातां त्या खंडाला कान लावून उभा राहिला, तेव्हां हजारों वर्षांपूर्वींची हवा त्याच्या कानाशीं मोकळी होत होती. ही हवा निराळी होती. कारखाने व इंजिनें येण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बद्विप्राणिद वायूचे सुमारें २८० भाग असत. सन २०२४ मध्यें तेंच प्रमाण ४२४ वर गेलें होतें. शास्त्रज्ञांना जुन्या हवेचें हें प्रमाण कळलें तें अशाच बुडबुड्यांवरून.

या मांडणीचें नांव ‘आइस वॉच’. वॉच या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत. घड्याळ हा एक, आणि टक लावून राखलेला पहारा हा दुसरा. मराठींत हें एका शब्दांत साधणार नाहीं. परंतु आपल्याकडील घटिकापात्राची युक्ति येथें आठवल्यावांचून राहात नाहीं. तळाला बारीक भोंक असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडावें, त्यांत थेंब थेंब पाणी शिरावें, आणि तें बुडालें कीं घटका भरली असें समजावें. लग्नघरीं ज्योतिषी त्या पात्रावर जो डोळा ठेवून बसे तो पहाराच होता. पॅरिसच्या चौकांत पाणी आंत शिरण्याऐवजीं बाहेर वाहात होतें, एवढाच काय तो भेद.

हा उद्योग दोघांनीं मिळून केला. एक ओलाफुर एलियासन हा कलावंत. त्याचा जन्म १९६७ सालीं कोपनहेगन येथें झाला, मातापिता आइसलंडचे. लंडनच्या टेट मॉडर्न या कलाभवनाच्या विशाल दालनांत २००३ सालीं त्यानें दिव्यांचा व आरशांचा एक कृत्रिम सूर्य उगवून दाखविला होता, आणि तो पाहण्यास वीस लाखांवर माणसें येऊन गेलीं. दुसरा मिनिक रोसिंग हा भूगर्भशास्त्रज्ञ. हा मूळचा ग्रीनलंडचाच. त्या देशांतील अतिप्राचीन खडकांत जीवसृष्टीच्या ३७० कोटी वर्षांपूर्वींच्या खुणा त्यानें शोधल्या. एकाचा व्यवसाय दृष्टीला चकविण्याचा, दुसऱ्याचा पुराव्यावांचून पाऊल न टाकण्याचा. अशा दोन वृत्तींची माणसें एका कामीं जुंपलीं म्हणजे बहुधा भांडण होतें. येथें तें झालें नाहीं.

खंड आणले ते ग्रीनलंडची राजधानी नूक हिच्या जवळील नूप कांगेरलुआ या खाडींतून. हिमनदीचें मुख समुद्राला मिळतें तेथें तिचे तुकडे आपोआप तुटून पाण्यांत पडतात व तरंगत राहातात. तरंगणारे असे खंड पाणबुड्यांनीं व गोदी-कामगारांनीं पाण्यांतून धरून धक्क्यावर घेतले. थंडी राखणाऱ्या लोखंडी पेट्यांत भरून ते आगबोटीनें डेन्मार्कच्या ऑलबोर बंदरास नेले. तेथून मालमोटारींनीं पॅरिसला. वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं तीं कलावंताचीं. परंतु बर्फगार पाण्यांत उतरून सहा-सात टनांचा निसरडा खंड हातीं धरण्याचें काम कोणत्या तोडीचें आहे, हें ज्यानें विहिरींतून साधी मोट काढली असेल त्याला सांगावें लागणार नाहीं.

बर्फानें समुद्रप्रवास करणें ही गोष्ट मात्र नवी नव्हे. सन १८३३ मध्यें ‘टस्कनी’ नांवाचें गलबत अमेरिकेंतील बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघालें; चार महिन्यांनीं, विषुववृत्त दोनदां ओलांडून, त्यांतील सुमारें १०० टन शाबूत उतरला. पुढील वर्षींच मुंबईलाहि असा बर्फ आला, आणि गोदीजवळ त्याच्यासाठीं खास बर्फघर बांधण्यांत आलें. त्या काळच्या मुंबईकरानें तो पेल्यांत घालून उन्हाळा सुसह्य केला. त्याला त्यांतून दुसरा कसलाहि अर्थ काढण्याचें कारण नव्हतें. पावणेदोनशे वर्षांनंतर तीच वस्तु पेल्याऐवजीं रस्त्यावर मांडून लोकांना म्हणावें लागलें कीं, हिच्याकडे नीट पाहा.

जागाहि मोठी अर्थपूर्ण मिळाली. या पॅंथेऑनच्या घुमटाखालीं सन १८५१ मध्यें लेऑं फूको या शास्त्रज्ञानें ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून एक प्रयोग जाहीरपणें करून दाखविला होता. गोळा झोंके घेतो, आणि पाहातां पाहातां झोंक्याची दिशा हळूहळू फिरूं लागते. वस्तुतः ती फिरत नसते. पायांखालची पृथ्वी फिरत असते. पृथ्वी फिरते ही गोष्ट १८५१ सालीं पॅरिसच्या शाळकरी पोरालाहि ठाऊक होती, परंतु ती ‘पाहिली’ कोणींच नव्हती. पुस्तकांतलें ज्ञान एक आणि प्रतीति दुसरी. बर्फ शून्य अंशावर वितळतो हें वाक्य विद्यार्थी दहा वेळां लिहून काढतो, त्यावर गुणहि मिळवितो. पण मुठींत खडा धरून बोटें बधिर झाल्यावर त्याच्या मुखावर जो भाव दिसतो, तो दहा वेळां लिहून येत नाहीं. हवामान-बदलावरील शास्त्रीय अहवालांची अडचण हीच होती. ते जाडजूड होते, खरे होते, आणि न वाचलेले होते. एलियासनचा पक्ष थोडक्यांत असा कीं, आंकड्यांनीं मनुष्य माहीतगार होतो पण जागचा हालत नाहीं. त्याला हालवावयाचें तर गोष्ट त्याच्या अंगाला भिडली पाहिजे.

याच हेतूनें पहिला प्रयोग ऑक्टोबर २०१४ मध्यें कोपनहेगनच्या नगरभवनासमोर झाला होता; हवामान-बदलाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाच्या पांचव्या अहवालावर त्याच सुमारास त्या शहरांत अखेरची चर्चा चालली होती. तिसरा लंडनला, ११ डिसेंबर २०१८ रोजीं. चोवीस खंड थेम्सच्या कांठीं टेट मॉडर्नसमोर आणि सहा पेढ्यांच्या वस्तींत. परंतु पॅरिसच्या प्रयोगाला जो प्रसंग लाभला तो इतरांना लाभला नाहीं. शहराबाहेर ल बूर्जे येथें ३० नोव्हेंबरपासून हवामान-बदलावरील राष्ट्रपरिषद भरली होती, आणि पहिल्याच दिवशीं सुमारें दीडशे राष्ट्रप्रमुख तेथें उपस्थित होते.

त्या वेळीं पॅरिस सुतकांत होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. दोनच आठवड्यांपूर्वीं, १३ नोव्हेंबरच्या रात्रीं, शहरांत ठिकठिकाणीं झालेल्या हल्ल्यांत १३० माणसें मारलीं गेलीं होतीं. परिषदेच्या आदल्या दिवशीं निघावयाच्या प्रचंड मिरवणुकीला सरकारनें बंदी केली. माणसांना चालण्यास बंदी झाली, तेव्हां आयोजकांनीं जोडे मांडले. रिपब्लिक चौकांत २९ नोव्हेंबरला लोकांनीं पाठविलेले हजारों जोडे रांगांनीं ठेवण्यांत आले. त्यांत पोप फ्रान्सिस यांच्याकडून आलेला एक काळा जोड होता, आणि संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांचे धांवण्याचे बूट होते. रिकाम्या पादुका धन्याच्या अनुपस्थितींतहि राज्य चालवूं शकतात, हें ज्या देशांतील बालकांना भरताच्या कथेवरून ठाऊक आहे, त्या देशांतील माणसाला ही कल्पना परकी वाटूं नये. किंबहुना, मिरवणूक प्रत्यक्ष निघाली असती तर तिचें स्मरण एवढें राहिलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

बर्फाकडे परत यावयाचें तर थोडें गणित करावें लागेल. ग्रीनलंडचें हिमपठार सुमारें १७ लाख चौरस किलोमीटर विस्ताराचें असून त्याची जाडी कांहीं ठिकाणीं तीन किलोमीटरांहून अधिक आहे. तें सर्वच्या सर्व वितळलें तर जगांतील समुद्र सात मीटरांहून अधिक वर चढेल. अर्थात् तें एका-दोन पिढ्यांत होण्यासारखें नाहीं. परंतु सन २००२ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें जीं मापें घेतलीं गेलीं त्यांवरून तें दरवर्षीं सरासरी सुमारें २७० अब्ज टन बर्फ गमावीत आलें आहे असें दिसतें. या संख्येस वर्षांतील सेकंदांनीं भागावें. उत्तर येतें सुमारें साडेआठ हजार टन. म्हणजे दर सेकंदास इतका बर्फ कमी. मग पॅरिसच्या चौकांतले ते ८० टन किती वेळाचे? सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचे. डोळ्याची पापणी लवण्यास याच्या दहापट तरी वेळ लागतो. दहा दिवस ज्या बर्फाभोंवतीं माणसें जमत होतीं, तो एवढा बर्फ तिकडे पापणी लवण्यापूर्वींच नाहींसा होत होता.

येथें एखादा चौकस श्रोता विचारील कीं, पाण्यांत तरंगणारा बर्फ वितळल्यानें पाण्याची पातळी वाढत नाहीं, हें तर आर्किमीडीजच्या सिद्धांतावरून सिद्धच आहे. मग भीति कशाची? शंका रास्त आहे. पेल्यांतला बर्फ वितळून पेला ओसंडत नाहीं. परंतु बर्फ जमिनीवरून घसरून पाण्यांत पडतो त्याच क्षणीं पातळी वाढून चुकलेली असते; पुढें तो वितळो वा न वितळो. खाडींतून उचललेल्या खंडांनीं आपलें काम आधींच करून ठेविलें होतें. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ग्रीनलंडचें हिमपठार एवढें जड आहे कीं तें आपल्या गुरुत्वाकर्षणानें भोंवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतें. पठार हलकें झालें कीं ही ओढ सैल पडते. मग जवळचा समुद्र उतरतो आणि दूरचा सरासरीहून अधिक चढतो. नूकच्या धक्क्यावर जें नुकसान दिसणार नाहीं तें कोंकणच्या खाजणांत आणि सात बेटें बुजवून केलेल्या मुंबईंत दिसेल. ग्रीनलंड दूर आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यानें दूर असणें हीच येथें अडचण आहे हें ध्यानांत घ्यावें.

आतां आक्षेपांचा विचार. पहिला व उघड आक्षेप असा कीं, तापमान वाढतें म्हणून हळहळ करावयाची, आणि ती करण्यासाठीं हजारों मैलांवरून बर्फ ओढून आणून आणखी धूर करावयाचा, हा कोणता न्याय? आयोजकांनीं हा प्रश्न टाळला नाहीं, हें त्यांच्या बाजूचें मोठें प्रमाण होय. अशा कार्यक्रमांचा हिशेब ठेवणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेकडून त्यांनीं पै-पैचा झाडा घेतला. पॅरिसच्या मांडणीचा एकंदर भार सुमारें ३० टन कर्बद्विप्राणिद वायूइतका भरला. तीस माणसें पॅरिसहून विमानानें नूकला जाऊन परत आलीं असतीं तर साधारण एवढाच भरला असता. तीस माणसांनीं तिकडे जाऊन पाहण्यापेक्षां शहरांतल्या हजारोंनीं येथें पाहिलें, हें त्यांचें उत्तर. तें पटण्यासारखें आहे. दीडशे राष्ट्रप्रमुख कोणत्या वाहनानें आले होते, हें आक्षेपकांनीं विचारलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि त्यास पुरेसें उत्तर मिळालेलें दिसत नाहीं. चौकांत आलेला मनुष्य बर्फाला हात लावतो, हळवा होतो, हात पुसतो आणि घरीं जातो. पुढें काय? त्यानें उद्यां काय करावें, हें बर्फ सांगत नाहीं. कीर्तन संपल्यावर निदान आरती तरी असते. श्रोता उभा राहतो, तबकांत कांहीं टाकतो, मगच निघतो. पॅरिसच्या चौकांत आरती नव्हती. शिवाय तो डिसेंबर फ्रान्समध्यें १९०० पासूनच्या नोंदींत तोंवरचा सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. बर्फाचा एक ग्रॅम वितळण्यास ८० उष्मांक लागतात, म्हणजे तेवढ्या उष्णतेनें तितकेंच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलें असतें. म्हणून तर एवढे दिवस ते खंड टिकले. परंतु दिवसेंदिवस ते आटत गेले, कडा गोल झाल्या, मध्यें भोंकें पडलीं. एका उबदार महिन्याचा दोष सर्वस्वी हवामान-बदलावर ठेवणें हें शास्त्रास धरून होणार नाहीं. पाहणारांनीं तो ठेवला असेल तर त्यांना नांवें ठेवण्यांतहि अर्थ नाहीं.

प्रदर्शन १२ डिसेंबरपर्यंत चाललें, आणि त्याच दिवशीं ल बूर्जे येथें करार संमत झाला. पृथ्वीचें सरासरी तापमान कारखान्यांच्या पूर्वींच्या काळापेक्षां दोन अंशांहून पुष्कळ कमी वाढूं द्यावें, शक्य तर दीड अंशावरच थोपवावें, असें त्यांत ठरलें. बर्फामुळें करार झाला असें कोणीं म्हटलें नाहीं व म्हणूंहि नये. पुढें २०२४ हें संपूर्ण वर्षच त्या दीड अंशाच्या रेषेपलीकडे गेलें. एका वर्षावरून करार मोडला असें ठरत नसलें तरी रेषा किती जवळ होती तें त्यावरून कळतें.

जमावानें एकत्र येऊन हिमनदीशीं बोलण्याची चाल युरोपांत याहून फार जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतांत फीश नांवाचें गांव आहे. त्याच्या वरच्या अंगास आल्प्स पर्वतांतील सर्वांत लांब अशी आलेच हिमनदी आहे. सतराव्या शतकांत थंडी वाढली, हिमनदी पुढें सरकूं लागली, तिच्या कडेचें तळें फुटून पूर येऊं लागले. सन १६७८ मध्यें गांवकऱ्यांनीं देवाला नवस केला कीं, आम्ही सदाचारानें वागूं, ही आपत्ति आवर. आणि सन १८६२ पासून हिमनदी मागें हटावी म्हणून दरवर्षीं मिरवणूकहि काढूं लागले. नवस पावला म्हणावें तर फारच पावला! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक मागें गेली. तेव्हां गांवकऱ्यांसमोर नवेंच संकट उभें राहिलें. नवस तर फेडावयाचा, पण मागावयाचें काय? अखेर त्यांनीं रोमला पोपकडे अर्ज केला, आणि सन २०१० मध्यें परवानगी मिळाली कीं, यापुढें हिमनदी वाढावी म्हणून प्रार्थना करावी. प्रार्थनेचें फळ काय येतें हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. ही मिरवणूक दरवर्षीं निघते. तींत चालणारा मनुष्य त्याच गांवचा असतो. आणि आपल्या आजोबांनीं याच वाटेनें चालतांना उलट मागणें मागितलें होतें हें त्याला ठाऊक असतें. एवढा धडा दहा दिवसांच्या प्रदर्शनानें मिळत नाहीं.

आइसलंडमध्यें सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १८ तारखेस जो समारंभ झाला तो मात्र मागण्याचा नव्हता, तो अंत्यविधीचा होता. ओक नांवाच्या पर्वतमाथ्यावर एक हिमनदी होती; तिचें नांव ओक्योकुल. योकुल म्हणजे हिमनदी. हिमनदीला नदी म्हणावयाचें तें ती आपल्या भारानें सरकते म्हणून. त्यासाठीं तिची जाडी चाळीस-पन्नास मीटर तरी असावी लागते. ओकवरील बर्फ इतका पातळ झाला कीं तो सरकेनासा झाला, आणि सन २०१४ मध्यें ओद्दुर सिगुर्दसन या हिमशास्त्रज्ञानें ती हिमनदी मृत झाल्याचें जाहीर केलें. मृत्यु कोणाच्या ध्यानांतहि आला नाहीं. अमेरिकेंतील राइस विद्यापीठाचीं दोन मानवशास्त्रज्ञ, सायमिनी हाउ व डॉमिनिक बॉयर, यांना ही गोष्ट लागून राहिली; त्यांनीं तीवर एक चित्रपट केला, आणि पुढें स्मारकशिलेची योजना आंखली. त्या दिवशीं शंभराच्या आसपास माणसें डोंगर चढून गेलीं. तत्कालीन पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर त्यांत होत्या, आयर्लंडच्या माजी अध्यक्षा मेरी रॉबिन्सन होत्या, लहान मुलेंहि होतीं. ओद्दुर यांनीं मृत्यूचा दाखला वाचून दाखविला. शिलेवरील मजकूर आंद्री स्नाइर माग्नासोन या लेखकाचा आहे. तो भविष्यांतील वाचकाला उद्देशून लिहिलेला असून त्याचा आशय असा कीं, काय घडत आहे व काय करावयास हवें हें आम्हांला ठाऊक आहे, आम्हीं तें केलें कीं नाहीं हें मात्र तुम्हांलाच कळेल. खालीं त्या वर्षींच्या हवेंतील कर्बद्विप्राणिदाचें प्रमाण, ४१५ भाग, कोरलेलें आहे. त्या हिमनदीच्या नांवांतलें योकुल हें उत्तरपद गळून नुसतें ‘ओक’ उरलें. समासांतलें एक पद कायमचें लुप्त होण्याचें असें उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकांत नाहीं.

पॅरिसच्या मांडणीपेक्षां हा समारंभ साधा होता, खर्चहि कमी. पण त्यांतहि मनुष्याच्या हातीं शोकापलीकडे कांहीं पडलें नाहीं, असें म्हणणें भाग आहे. मृताचा शोक करण्यांत कमीपणा नाहीं. तथापि जेथें बर्फ ही पाहण्याची वस्तु नसून पिण्याची व पिकविण्याची वस्तु आहे, तेथल्या लोकांनीं काय केलें तेंहि पाहिलें पाहिजे.

लडाखमध्यें पाऊस जवळ जवळ नाहीं. शेती होते ती हिमनद्यांच्या पाण्यावर, आणि तें पाणी जूनच्या सुमारास भरपूर येतें. पेरणी मात्र एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते. त्या दोन महिन्यांचा तोटा हें तेथल्या शेतकऱ्याचें पिढीजात दुःख होय. आणि हिमनद्या जसजशा डोंगरांत मागें सरकल्या तसतसें तें वाढत गेलें. चेवांग नोर्फेल या स्थापत्य-अभियंत्यांनीं १९८७ पासून हिंवाळ्यांतील वायां जाणारें पाणी बांधांमागें गोठवून ठेवण्याचे प्रयोग केले. परंतु पसरट बर्फ उन्हानें लवकर संपे, म्हणून तो फार उंचावर, सावलींत ठेवावा लागे. सोनम वांगचुक या अभियंत्यानें भूमितीचा आधार घेतला. तेवढाच बर्फ शंकूच्या आकारांत उभा केला तर उन्हाला मिळणारें पृष्ठ कमी होतें. वरच्या अंगाच्या ओढ्यांतून जमिनीखालून नळ आणावा. उंचीच्या फरकामुळें पाणी पंपावांचून कारंज्यासारखें उडतें. उणे वीस अंशांच्या रात्रींत तें खालीं पडतां पडतां गोठतें. पहांटेस पाहावें तों शंकु हातभर वाढलेला. बौद्ध लोकांच्या डोळ्यांना हा आकार ओळखीचा होता, म्हणून त्याचें नांव हिमस्तूप पडलें.

पहिला स्तूप २०१३-१४ च्या हिंवाळ्यांत लेहजवळ झाला. तो उंचीनें लहान होता, तरी मे महिन्याच्या मध्यापर्यंत टिकला. दुसऱ्या वर्षीं फ्यांग गांवीं मठाच्या आश्रयानें वीस मीटर उंचीचा स्तूप उभा राहिला. नळ गोठून बंद पडत, मग मुलें व स्वयंसेवक रात्रीं थंडीत जाऊन ते मोकळे करीत. दूरदूरचे लोक तो पाहावयास आले, त्याच्यावर प्रार्थनेच्या पताका लागल्या; पॅरिसच्या चौकांत होता तसाच मेळा येथेंहि भरला. जुलैच्या पहिल्या दिवसांपर्यंत त्या स्तूपाचें पाणी झिरपत होतें, आणि त्या वसंतांत फ्यांगच्या माळावर गांवकऱ्यांनीं लावलेलीं पॉप्लर व वाळुंजाचीं पांच हजार रोपें त्यावर भिजत होतीं.